पाण्यात सुटलेलं अक्षर

आमचे मामा पेंटर. वाशिम आणि रिसोडच्या दरम्यानची कितीतरी शटरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पतसंस्थांच्या पाट्या आणि शाळांच्या भिंती त्यांनी रंगवल्या. फ्लेक्स आले तसे त्यांचे ब्रश रॉकेलच्या डब्यातून निघाले आणि माळ्यावर गेले. मी रिसोड तालुक्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. 23 ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन. 2023 साली त्या तारखेला चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं. त्या दिवसासाठी आमच्या मुलांनी शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यांची रॉकेटं केली होती. बाटलीत एक तृतीयांश पाणी भरायचं, बुचातून सायकलच्या पंपानं हवा मारायची आणि दाब 50 पीएसआयच्या आसपास आला की दोरीनं खटका ओढायचा. बारूद अजिबात नाही. बारुदाच्या इंजिनाला स्फोटकांचे नियम लागतात. ते नियम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पण सातवीच्या वर्गाला त्या वाटेनं जाण्याचं काही कारण नाही.

दोन रॉकेटं पिशवीत घालून रविवारी मी मामांकडे गेले. त्यांनी एक हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि एका जागी अंगठा ठेवला.

मामा : हे कोनाचं नाव हाय वं?

मी : नासाचं. मुलांनी बसस्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडून कापून आणलं.

मामा : पोट्टे आपले, बाटली आपली, पानी आपल्या हापशीचं, अन् नाव अमेरिकेचं?

मी : मुलांना आवडतं, मामा. माझं विचाराल तर मला त्यावर काहीच नको होतं. रॉकेटनं उंच जावं आणि सरळ जावं. कोरं असलं तरी तेवढंच जातं.

मामा : मंग पोळ्याले बैल कायले रंगवतो आपन? शिंगाले रंग लावला म्हनून तो जास्त नांगर वढते का?

मी : पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. आमचं रॉकेट त्याच दिवशी जुंपायचं असतं.

मामा हसले नाहीत. माझं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं, हे मला त्यांच्या कपाळावरून कळलं. मी दुसरं रॉकेट पुढे केलं. त्याच्या पंखांना मुलांनी ऑइलपेंटचे तीन जाड हात दिले होते, भगवा, पांढरा, हिरवा. दिसायला फार देखणं होतं. मी मामांकडून सुतळी मागितली, रॉकेटच्या तोलाच्या जागी बांधली आणि अंगणात उभं राहून डोक्याभोवती गरगर फिरवलं. न रंगवलेलं रॉकेट दोन फेऱ्यांत नाक पुढे करून फिरू लागलं. रंगवलेलं आडवं झालं आणि शेपटीकडून पुढे निघालं. हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे, निदान बाटलीच्या एका व्यासाइतका, रॉकेटचा गुरुत्वमध्य हवा. शेपटाला रंग चढला की तो मध्य मागे सरकतो. असं रॉकेट वर जाण्याऐवजी पोरांच्या अंगावर येऊ शकतं.

मामा : म्हंजे रंगाचं वजन जड झालं.

मी : म्हणून म्हणते, काही लावू नका.

मामा : अवं, पन अक्षराले कुठी वजन असते? शिलाई मशीनवर सोनेरी वेल पाह्यली ना तू? तुह्या आजीच्या मशीनवर होती. ते कोनी ब्रशनं काढते का? ट्रान्सफर असते ते. पान्यात भिजवाची अन् सरकवाची. सायकलीच्या नळीवरचं कंपनीचं नावबी तसंच.

ही गोष्ट मला सुचलीच नव्हती. मॉडेल रॉकेटं करणाऱ्यांच्या जगात तिला डीकल म्हणतात आणि हौशी माणसं ते घरी छापतात, हे मला ठाऊक होतं. पण आजीच्या मशीनवरची वेल आणि ते डीकल एकच, हे मामांनी सांगेपर्यंत ध्यानात आलं नाही. मी तसा कागद ऑनलाइन मागवला. कागदाचे थर तीन. खाली साधा कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक आणि सर्वांत वर पापडाहून कितीतरी पातळ, पारदर्शक पापुद्रा. छपाई त्या पापुद्र्यावर होते. पाण्यात टाकला की डिंक सुटतो आणि चित्र पापुद्र्यासकट सरकतं.

पुढच्या रविवारी आम्ही बसलो. माझ्या घरच्या प्रिंटरवर ‘वाशिम’ हा शब्द निळ्या अक्षरांत छापून नेला होता. मामांनी कात्रीनं कापला, कोमट पाण्याच्या वाटीत सोडला. अर्ध्या मिनिटात वाटीतलं पाणी निळं झालं आणि पापुद्र्यावर वाशिमचा ‘वा’ तेवढा धूसर उरला. घरगुती प्रिंटरची शाई पाण्याची असते आणि छापल्यावर वरून लॅकरचा थर मारल्याशिवाय ती भिजवायची नसते, हे मी वाचलेलं होतं आणि तरी घाईत विसरले होते. मामांनी वाटी उचलून तुळशीत ओतली.

मामा : तुहं गाव वाहून गेलं वं.

लॅकर मारणं हे मात्र पुरतं त्यांच्या हातातलं काम. डबा कागदापासून हातभर लांब. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा, कागदावरून न थांबता न्यायचा आणि बाहेर जाऊनच सोडायचा. थांबलात की तिथे थेंब साचतो. पहिला हात इतका हलका की कागद ओला झालाय की नाही अशी शंका यावी, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. मी पाहत होते. त्यांचा हात कोपरातून हलत नव्हता, खांद्यातून हलत होता. भिंतीवर चार फुटी अक्षराची उभी ओढताना तो तसाच हलत असणार.

दुसरी अडचण रंगाची. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. कागद पांढरा असतो म्हणून छापील पिवळा पिवळा दिसतो. पारदर्शक पापुद्र्यावरचा तोच पिवळा निळ्या पृष्ठावर सरकवला की नाहीसा होतो. हे मी समजावून सांगायला लागले तर मामांनी हात वर केला.

मामा : हे तू मले सांगतं? पिवळ्याखाली पांढरं अस्तर लागतेच. काया शटरवर पिवळं नाव लिवाचं तं आधी पांढऱ्यानं लिवा, वाळू द्या, मंग त्याच्यावर पिवळं. दोन वेळा लिवतो आमी, पैसे एका वेळचे भेटते.

तर आम्ही जिथे अक्षर बसणार तिथेच पांढरा पट्टा दिला.

खरी भांडणाची जागा त्याच्या आधी आली होती, आणि ती सांगितली पाहिजे. मामांनी पहिल्याच दिवशी बाटली मांडीवर घेऊन पॉलिश पेपर काढला. गुळगुळीत पृष्ठावर रंग धरत नाही, आधी घासून खरखरीत करायचं, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. मी त्यांचा हात धरला. ती बाटली हवेच्या दाबानं ताणली जाणार असते. तिच्या अंगावर जिथे ओरखडा, तिथूनच ती फाटायची. रंगाच्या पातळकाचा आणि काही गोंदांचाही त्या प्लास्टिकवर भरवसा नाही.

मामा : घासल्याबिगर मी आजवर काही रंगवलं नाही.

मी : आणि दाबाची बाटली घासलेली मी पोरांच्या हातात देणार नाही.

मामा : मंग रंगवू कशावर? हवेवर?

बराच वेळ कोणी बोललं नाही. मामीनं चहा आणून ठेवला, तो निवला. मग मामांनीच आतून चार्टपेपर आणला. बाटलीच्या पुढच्या भागावर बसेल असं कागदाचं सैलसर नळकांडं करायचं आणि रंग, पट्टे, अक्षर जे काय असेल ते त्यावर. बाटलीला रेघही लागायला नको. मलाही ते पटलं, कारण वजन पुढे पडणार होतं आणि पुढे पडलेलं वजन रॉकेटला फायद्याचं असतं. आमच्या बाटलीचा व्यास 9 सेंटीमीटर, म्हणजे परीघ 28.3. ए-फोर कागदाची लांबी 29.7. जोडाला 1.4 सेंटीमीटर उरतो. मुलांना पाय या संख्येचा उपयोग इतका पुरेपूर पुन्हा कधी दाखवता येईल, मला माहीत नाही. मोठी, 11 सेंटीमीटर व्यासाची बाटली घेतलेल्या गटाचा पट्टा पाच सेंटीमीटर तोकडा पडला आणि का तोकडा पडला ते त्यांनी स्वतःच फळ्यावर काढून दाखवलं.

मामांनी नळकांडं रंगवलं. चमकदार रंगानं, आणि तेही कारणानं. पहिल्यांदा त्यांनी मंद छटेचा रंग दिला होता, त्यावर डीकल चढवलं तर पापुद्र्याखाली जागोजाग चंदेरी डाग पडले. खरखरीत पृष्ठाच्या खळग्यांत हवा अडकते आणि उजेडात ती चांदीसारखी चमकते. पृष्ठ गुळगुळीत असेल तर पापुद्रा चपखल बसतो. म्हणजे रंगासाठी खरखरीत आणि अक्षरासाठी गुळगुळीत. चाळीस वर्षांच्या नियमाला हा उलटा नियम भेटला, तेव्हा मामा बराच वेळ त्या डागांकडे बघत होते.

पण वाद संपला नव्हता. अक्षर कसं लावायचं ते आम्ही शिकत होतो, कशासाठी हा प्रश्न मी सोडला नव्हता.

मी : मामा, खुणांचा खरा उपयोग तुम्हाला सांगू? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्ही-2 केलं, त्याच्या चाचणीच्या रॉकेटांवर काळे-पांढरे चौकोन रंगवलेले असत. कॅमेऱ्यातून पाहताना रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय ते त्यावरून कळे. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-5 वरचे काळे पट्टेही त्यासाठीच. तसले दोन पट्टे द्या मला. मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ काढू आणि फेऱ्या मोजू. ते काम झालं. नाव कशाला?

मामा : पट्ट्यानं फिरनं कळते. बरोबर. पन रॉकेट पडलं अन् कोनाच्या वावरात सापडलं, तं कोनाचं म्हनून सांगन तो?

मी : शाळेचा फोन नंबर टाकू.

मामा : टाक नं. तेबी अक्षरच हाय.

इथे मी हरले, हे मान्य करते.

मग मामा तिरंग्यावर आले. स्वातंत्र्यदिन नुकताच झाला होता, मुलांनाही तिरंगाच हवा होता. मी नाही म्हटलं. ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे, ध्वज जमिनीला लागता कामा नये, पाण्यात लोळता कामा नये. आमचं रॉकेट पाणी ओकत वर जाणार आणि ऑगस्टातल्या चिखलात नाकावर पडणार.

मामा : अन् चंद्रावर पडला तो?

मामांना आठवत होतं. 14 नोव्हेंबर 2008 ला चांद्रयान-1 मधून सुटलेली छोटी पेटी चंद्रावर आदळली, तिच्या बाजूंवर तिरंगा रंगवलेला होता. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान गाडीच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह उठावात कोरलेलं होतं.

मामा : इतके मोठे शास्त्रज्ञ. त्याइले माईत नव्हतं का, रंगाचं वजन होते म्हनून? तरी रंगवला ना? एका एका ग्रॅमचा हिशोब करनारे लोक. त्याइनं अक्षराले, झेंड्याले जागा ठेवली अन् तू बाटलीवर ठेवत नाही.

मी : त्यांनी तो तिथे कायमचा ठेवायला नेला होता, मामा. आपला बांधावरून उचलून, चिखल पुसून आणायचा. माझ्या वर्गातली मुलं तो तुडवला जाताना पाहतील, ते मला चालणार नाही.

मामांनी यावर वाद घातला नाही. पण माझ्या मनात त्यांचं वाक्य राहिलं. ग्रॅमचा हिशोब करणाऱ्यांनी जागा ठेवली. कोरं रॉकेट हेच शास्त्रीय रॉकेट, असं मी इतके दिवस धरून चालले होते, ते कशाच्या आधारावर?

नासा नको, तिरंगा नको, मग काय? त्या रात्री मी मामांना मोबाइलवर एका ताम्रपटाचा फोटो दाखवला. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ती शाखा होती हेच मुळी जगाला कळलं ते 1939 मध्ये वाशिमला सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे. तोवर त्या घराण्याचा हा फाटा इतिहासाच्या पानावर नव्हता. तांब्याच्या पत्र्यावर कोणीतरी छिन्नीनं अक्षरं मारून ठेवली म्हणून आपल्या गावाला राजधानीचं नाव परत मिळालं. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून ग्रंथ काढला तो 1963 साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केरळातल्या थुंबा तळावरून पहिलं रॉकेट सुटलं, ज्याचे भाग सायकलवरून नेले होते.

वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांवरच्या अक्षरांच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी असते. म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक म्हणतात. मामांनी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला.

मामा : हे कोन पेंटर हाय?

मी : दीड हजार वर्षांपूर्वीचा.

मामा : पाय, पेटीच्या चारी बाजू कशा सारख्या. तांब्यावर. अन् आमाले ब्रशनं येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या कागदावर ‘वत्सगुल्म’ लिहून ठेवलं होतं. अक्षरं आपली देवनागरी, पण शिरोरेषेच्या जागी प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर पेटी. सुरेख होतं. तरी मी म्हटलं, ही वाकाटकांची लिपी नव्हे, मुलांना तसं सांगता येणार नाही. ते म्हणाले, मूळ लिपीत लिहिलं तर वाचणार कोण? शेवटी ठरलं की अक्षर मामांचं राहील आणि मूळ ताम्रपटाचा फोटो मी वर्गात शेजारी लावीन. कोणतं जुनं आणि कोणतं मामांचं ते मुलांनी ओळखायचं.

डीकलचा कागद महाग, मुलं पस्तीस. म्हणून बाकीच्यांसाठी दुसरी युक्ती केली. मामांचं अक्षर झेरॉक्स करून आणलं. त्यावर रुंद पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवली आणि चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून घासली. मग पाण्यात भिजवून मागचा कागद बोटानं चोळून काढला. कागदाचा लगदा निघून जातो, झेरॉक्सची काळी भुकटी टेपच्या गोंदाला धरून राहते. पस्तीस मुलं हौदाशी रांगेत बसून अंगठ्यानं कागद चोळत होती. हळूहळू पेट्या दिसायला लागल्या. एक मुलगी ओरडली, ‘बाई, माझा ल्म आला!’ टेप वाळली की तिचा चिकटपणा बराचसा परत येतो. मामांना मात्र टेप आवडली नाही. तिची कड उजेडात दिसते, ते म्हणाले, आणि ते खरं आहे.

उडवायच्या दिवशी पाऊस थांबला होता. शाळेमागच्या सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या. मामा कडेला खुर्ची टाकून बसले. आधी टेपवाली रॉकेटं गेली, मग डीकलवालं. पाणी सपकन सुटलं, मैदानावर पांढरा झोत उभा राहिला आणि काळे-पांढरे पट्टे दिसले न दिसले तोच ते वर होतं. व्हिडिओत नंतर मोजलं तर वर जाईपर्यंत अडीच फेऱ्या. एक पंख किंचित तिरका बसला होता, ते त्या पट्ट्यांमुळेच कळलं.

ते सोयाबीनमध्ये पडलं. दोन मुलं धावत गेली आणि चिखलानं माखलेलं घेऊन आली. मामांनी रुमालानं पुसलं. लॅकरखालची शाई जागच्या जागी होती, वत्सगुल्म पुरतं वाचता येत होतं, पण ‘ल्म’च्या बाजूचा कोपरा उचलला होता. डीकल कापताना मी त्याचे कोपरे चौकोनी ठेवले होते.

मामांनी उचललेला कोपरा नखानं परत दाबून पाहिला, तो पुन्हा उभा राहिला.

‘कोपरा गोल कापाचा असते वं,’ ते म्हणाले, ‘टोकातून पानी घुसते.’ आणि खिशातून कात्री काढून त्यांनी जवळच्या मुलाच्या हातातला उरलेला कागद मागून घेतला.